तेविसाव्या गुणसूत्राची साक्ष

१

चेपतुरू-सातची कुपी खोटी निघाली, ही बातमी मला कोंबड्यांना दाणे टाकताना मिळाली. फोनवर डॉक्टर मुसिमी होता. एके काळी सूक्ष्मदर्शकाची भिंगं कशी पुसायची हे मी त्याला शिकवलं होतं. आता तो नैरोबीतल्या आमच्या संस्थेत परजीवी विभागाचा प्रमुख आहे, आणि मी निवृत्त होऊन किसेरियनला अंडी विकते.

"मॅडम, एक छोटीशी चौकशी करायची आहे. तुम्ही फक्त यायचं. बाकी सगळं तयार आहे."

"बाकी म्हणजे काय?"

"निष्कर्ष."

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग दाण्यांचं घमेलं शेजारणीच्या हातात देऊन मटाटू बस पकडली, आणि दोन तास न्गोंग रोडवरच्या गर्दीत मुसिमीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

त्याच्या टेबलावर खरंच तयार अहवाल होता. खाली माझं नाव छापलेलं होतं, डॉक्टर पर्पेचुआ अवुओर, आणि त्यापुढे सहीसाठी ठिपके. अहवालाचा सार एवढाच: परजीवी सांभाळणारा जुना सेवक लुका कांदिए याने कुपी बदलली किंवा गोंधळ केला, सबब त्याला तात्काळ कामावरून कमी करावं. लुकाला निवृत्त व्हायला पाच आठवडे उरले होते.

"कुपीत होतं काय?" मी विचारलं.

मुसिमीने सुस्कारा सोडला. "चेपतुरू-सात म्हणजे काळ्या आजाराचा परजीवी. दोन वर्षांपूर्वी बारिंगोच्या खोऱ्यातल्या चेपतुरू गावातून आणला. सातवा रुग्ण, म्हणून सात. जुलैमध्ये मी त्याच्यावर जुनं इंजेक्शन तपासलं. मॅडम, औषधाचा काही परिणामच नाही! केवढा मोठा शोध! ऑगस्टमध्ये मी खोऱ्यातल्या इस्पितळाला पत्र लिहिलं की जुनं इंजेक्शन बंद करा. मग कुपीतला नमुना युरोपातल्या प्रयोगशाळेला गुणसूत्रं मोजायला पाठवला. आता ते म्हणतात, दोन वर्षांपूर्वी तुम्ही याच नावाने पाठवलेला जीव वेगळा होता."

"मग तुझं पत्र?"

"त्याचं काय?"

"कुपीच खोटी, तर पत्र खरं कसं? मागे घे ते."

"चौकशी संपेपर्यंत कसं घेता येईल? पद्धत आहे ना काही." त्याने घड्याळ पाहिलं. "मला नैवाशाला निघायचंय. चार दिवसांची कार्यशाळा आहे."

"कसली?"

"सुशासनावर."

मी सही केली नाही. शुक्रवारी तो परतेपर्यंत मला मुदत मिळाली. बाहेर आले तर लुका जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, पांढरा कोट घडी घालून हातावर घेतलेला.

"दाक्तारी," तो म्हणाला, "ती कुपी मी भरलेली नाही. पण तिच्यावरचं अक्षर माझंच आहे."

२

एकोणतीस वर्षं लुकाने हे जीव वाढवले. मानाने सगळे त्याला म्झे, म्हणजे वडीलधारे, म्हणत. काचेच्या चपट्या बाटलीत गुलाबी पाणी, आणि त्यात शेपट्या हलवत पोहणारे लाखो परजीवी. आठवड्यातून दोनदा त्यातला थेंबभर ताज्या पाण्यात घालायचा. याला आम्ही पालट म्हणतो. जीव आला की तीन-चार पालट करायचे आणि कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायचं. गोठला की काळ थांबला. बाटलीत ठेवला तर तो वाढतो, आणि वाढता वाढता बदलतो.

"लेबलवर काय आहे?"

"चेपतुरू-सात, चौथा पालट, आणि तारीख. दोन वर्षांपूर्वीची."

"अक्षर तुमचं, कुपी तुमची नाही. कसं ते सांगा, म्झे. आणि मला वैताग आणू नका, तो आधीच आलाय."

तो मला खालच्या खोलीत घेऊन गेला आणि टेबलाचा खण उघडला. आत लेबलांच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक जीवासाठी तो वीसची पट्टी लिहून ठेवायचा, बारा लावायचा, आठ उरायची. एखादी कुपी तडकली तर असावीत म्हणून. तडकलेली कुपी मी त्याच्या हातात कधी पाहिली नव्हती, तरी लेबलं मात्र साठत गेली होती. इतर गावांच्या पट्ट्यांवर आठ-आठ लेबलं होती. चेपतुरू-सातच्या पट्टीवर एकही नव्हतं.

"खणाला कुलूप?"

"लेबलं कोण चोरणार, दाक्तारी?"

"आणि बाराच्या बाराही कुप्या टाकीत आहेत?"

"त्यातल्या चार मुसिमी डॉक्टरांनी आणि प्रबंधवाल्या मोरानी वापरल्या. रजिस्टरप्रमाणे आठ हव्यात."

मी चिमट्याने त्या काढून मोजल्या. सहा. दोन कुणी तरी न लिहिता नेल्या होत्या. ज्याने कुणी हे केलं, त्याने आठच नव्या भरल्या असाव्यात, किंवा बारा भरून सहा खपल्या असाव्यात. पट्टीवर आठ लेबलं होती, म्हणजे आठ. मग रजिस्टरातल्या चार खऱ्या की खोट्या? त्या कधी वापरल्या यावर सगळं अडलं होतं.

तेवढ्यात लुकाचा फोन वाजला. खोऱ्यातल्या इस्पितळाची सिस्टर तेक्ला होती. तिचा आवाज टेबलापलीकडून मला ऐकू येत होता. वॉर्डात चार पोरं, पोटं फुगलेली, ताप उतरत नाही. जुनं इंजेक्शन कपाटात पडलंय पण पत्रामुळे द्यायची बंदी. नवं औषध अजून बंदरातून सुटलेलं नाही.

लुकाने फोन ठेवला. "दाक्तारी, त्या सातव्या रुग्णाचं, म्हणजे त्या पोरीचं—"

"गोष्टी नंतर, म्झे. आधी लेबलं."

तो गप्प बसला. माझ्यासारखी माणसं चिडलेली असली की समोरचा गप्प बसतो, आणि आम्हाला वाटतं काम वेगाने चाललंय.

३

मंगळवारी युरोपचा तो कागद घेऊन बसले. दोन तक्ते. पहिला दोन वर्षांपूर्वीचा: छत्तीस गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती, फक्त एकतिसाव्याच्या चार. ते ठीकच, या जातीत एकतिसावं नेहमीच जास्त असतं. दुसरा तक्ता यंदाचा: पाचवं, आठवं, तेहतिसावं तीन-तीन. तेविसावं तर पाच. खाली एका ओळीत शेरा: नमुने जुळत नाहीत.

मी कपाळावर हात मारला. मुसिमीने शेरा वाचला होता, तक्ता नाही.

छत्तीस प्रकरणांचं एक पुस्तक समजा, प्रत्येक प्रकरणाच्या दोन प्रती. माणसाच्या पुस्तकात एका प्रकरणाची एक प्रत वाढली तरी जन्मभराचा घोळ होतो. हा जीव मात्र निगरगट्ट. काचेच्या बाटलीत राहायला आला की खुशाल प्रती वाढवतो, नको झाल्या की टाकून देतो. एकाच बाटलीतल्या दोन भावंडांत सुद्धा आकडा सारखा नसतो. मजकूर मात्र अक्षर न् अक्षर तोच राहतो. म्हणजे प्रती मोजून पुस्तक ओळखता येत नाही. मजकूर वाचावा लागतो.

मी युरोपात फोन लावला. लिस्बेथ नावाच्या बाई भेटल्या.

"तुम्ही अक्षरं जुळवून पाहिलीत का?"

"आम्हाला कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी विचारतेय."

"त्याला दोन दिवस—"

"बाई, मी सत्तरीची आहे, दुपारपर्यंत सांगा."

दुपारी चारला उत्तर आलं. तीन कोटींवर अक्षरांत फरक जेमतेम पाच-सहा ठिकाणी. जीव तोच. शेरा त्यांच्याकडे नव्याने लागलेल्या कुणी तरी लिहिला होता, त्याबद्दल दिलगिरी.

लुकाला सांगितलं तर त्याने डोळे मिटून घेतले. "म्हणजे मी सुटलो?"

"तुम्ही दुसऱ्याचा जीव भरला नाहीत एवढं सिद्ध झालं," मी म्हणाले. "पण चार पालटांत एवढ्या प्रती वाढत नाहीत, म्झे. पहिला तक्ता तिसऱ्या पालटाचा आहे, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. हा जीव वर्षभर तरी बाटलीत पोहत होता. कुपीवरचं नाव खरं आहे. वय खोटं आहे."

४

चेपतुरू-सातला वर्षभर बाटलीत वाढवणारं माणूस संस्थेत एकच होतं: मोरा न्याकुंडी, प्रबंध लिहिणारी किसी गावची मुलगी. बुधवारी तिच्या टेबलाशी गेले, तर तिने मान वर केली नाही.

"तुम्ही पण मलाच विचारायला आलात ना? विचारा. सगळे विचारतात. उत्तर कुणी ऐकत नाही."

"मी ऐकते. पण लवकर बोल."

तिने वही पुढे सरकवली. तिचं काम असं होतं: एका बाटलीत जुन्या इंजेक्शनचं औषध थोडं थोडं वाढवत जायचं आणि परजीवी त्याला कसा सरावतो ते पाहायचं. दीडशे पालट झाले होते. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणावर लाल ठिपका, औषध नसलेल्यांवर काही नाही.

"तेविसावं मोजलंस कधी?"

तिने पान उलटलं. औषधाच्या बाटलीत तेविसाव्याच्या पाच प्रती, मागच्या मार्चची नोंद. बिनऔषधाच्या बाटलीत दोन.

तेविसाव्या गुणसूत्रावर एका पंपाची कृती लिहिलेली असते. हा पंप औषध पेशीबाहेर उपसतो. औषध वाढलं की जीव ते प्रकरण पुन्हा पुन्हा छापतो, म्हणजे पंप वाढतात. पाच प्रती उगाच होत नाहीत. त्या कुपीतल्या जिवाने औषधाच्या पाण्यात महिनोन्महिने काढले होते, आणि असं पाणी फक्त या पोरीच्या टेबलावर होतं.

"मोरा, कुपीत तुझा लाल ठिपका आहे."

ती पांढरीफटक पडली. मग एकदम भडकली. "मी भरली? मी माझ्याच पायावर धोंडा पाडू? मॅडम, मला तुलनेसाठी न बदललेला चेपतुरू-सात हवा होता. जूनमध्ये मी टाकीतून एक कुपी घेतली. वाढवली, औषध घातलं, आणि तो मरेना! मूळ जीव मरायला हवा ना? तीन महिने मला वाटतंय माझ्याच हातून घाण झाली. चार वेळा प्रयोग केला. डोक्यावरचे केस गेले. हे बघा." तिने डोक्याला बांधलेला रुमाल खरंच सोडला.

"मुसिमीला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, व्वा, म्हणजे मूळ जीवच औषधाला दाद देत नाही! आणि जुलैत स्वतः केलं, तेच निघालं."

मी वहीतलं जुनं पान शोधलं. जानेवारीत तिने याच कुप्यांमधली एक घेतली होती. तो जीव औषधात दोन दिवसांत मेला होता. म्हणजे जानेवारीत कुप्या खऱ्या होत्या, जूनमध्ये खोट्या. लुकाच्या रजिस्टरप्रमाणे जानेवारीपर्यंत चार कुप्या गेल्या होत्या, मोराची ती चौथी. जूनची आणि जुलैची रजिस्टरात चढलीच नव्हती; कमी पडलेल्या दोन त्याच.

"लाल ठिपक्याच्या जुन्या बाटल्यांचं काय करतेस?"

"बादलीत टाकते. खालच्या मजल्यावर, टाकीच्या खोलीबाहेर. तिथून वाफेच्या भांड्यात जातात."

"बादली कोण नेतं?"

"बरासा," ती म्हणाली. "टाकी सांभाळतो तो."

५

एल्फास बरासाने माझ्यासाठी स्वतः चहा आणला, दोन मंदाझी, तळलेले गोड पाव, बशीत मांडून. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका. एकट्याने टाकी, वाफेचं भांडं, आणि बिघडलेली लिफ्ट अशी तिन्ही खाती चालवायचा.

"मॅडम, किसेरियनहून रिकाम्या हाताने? आम्हा बुंगोमाच्या माणसाला भेटायचं म्हणजे कोंबडा तरी आणावा!"

"तू खरं बोललास तर दोन आणीन. टाकीत नायट्रोजन नीट भरतोस?"

"रोज काठी घालून मोजतो. रोज. रजिस्टर बघा."

"सुट्टी कधी घेतोस की नाही?"

"कुठली सुट्टी! यंदा ईस्टरला थोरल्या काकांना माती दिली, तेवढंच गावी गेलो. पाच दिवस. काय माणसं जमली होती, मॅडम! दोन बैल कापले. माझी बायको अजून भांडी घासतेय म्हणा ना." आणि तो हसला.

मी मंदाझी खाल्ली आणि डोकं खाजवलं. कुणी तरी खरी कुपी काढून खोटी ठेवतो, कशासाठी? खरी विकायला? तिला काडीची किंमत नाही. मोराला बुडवायला? तिचा प्रबंध कुणाला वाचायचाय? मुसिमीला हवा तसा निकाल द्यायला? पण त्यासाठी भरणाऱ्याला लाल ठिपक्याचा अर्थ ठाऊक असायला हवा होता, आणि ठाऊक असणाऱ्याने एवढी उघडी खूण ठेवली नसती. चोराला खरी कुपी नकोच असेल तर? ती त्याच्याकडे नसेलच तर?

मेलेल्या कोंबडीच्या जागी शेजाऱ्याची कोंबडी सोडतात, तसं.

मी लुकाला हाक मारली. "म्झे, चेपतुरू-सात टाकीत कुठल्या कप्प्यात आहे?"

"सगळ्यात वरच्या."

"त्याच कप्प्यातले शेजारी काढा. वेगवेगळ्या गावांचे चार. आणि दोन तळातले."

लुकाने सहा कुप्या हाताच्या उबेने वितळवल्या, सहा काचांवर थेंब ठेवले. तळातल्या दोन्हींत जीव पोहत होते, शेपट्या लपलप हलत होत्या. वरच्या चारांवर मी अर्धा तास डोळा लावून बसले. मोडक्या पेशींचा कचरा, बाकी हालचाल शून्य.

लुकाने माझ्यामागून पाहिलं. तो वरचा कप्पा म्हणजे त्याची सव्वीस गावं होती. तो खुर्ची ओढून बसला आणि आपल्या गुडघ्यांकडे पाहत राहिला.

मग मी टाकीचं रजिस्टर उघडलं. ईस्टरचे पाचही दिवस नोंद होती: पातळी पूर्ण, पातळी पूर्ण, पातळी पूर्ण. एकाच पेनाने, एका दमात. खाली सही, एल्फास बरासा, जो तेव्हा चारशे किलोमीटरवर काकांना माती देत होता.

६

शुक्रवारी सकाळी मुसिमी नैवाशाहून नवी पिशवी खांद्याला लावून आला. त्याच्या खोलीत लुका, मोरा आणि बरासा आधीच बसले होते.

"झाली सही?" मुसिमीने विचारलं.

"बस, मुसिमी. आणि बरासा, तू चहा आणायला उठू नकोस."

मी क्रमाने सांगत गेले. अक्षरं तीच, म्हणजे जीव तोच. प्रती वाढलेल्या, म्हणजे वय खोटं. तेविसाव्याच्या पाच, म्हणजे मोराची लाल ठिपक्याची बाटली. पण मोराला या कुपीने बुडवलं, म्हणजे भरणारी ती नव्हे. लुकाला लाल ठिपका ठाऊक होता, आणि बिनऔषधाची बाटली त्याला एका हाताच्या अंतरावर मिळाली असती. त्याला फसवायचंच असतं तर त्याने ती घेतली असती. भरणाऱ्याला ठिपका म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्याने बादलीत जे सापडलं ते घेतलं. बादली एकच माणूस उचलतो. आणि वरच्या कप्प्यातले सगळे शेजारी मेलेत.

"टाकी कोरडी पडली होती," मी म्हणाले. "ईस्टरला. हो की नाही, बरासा?"

त्याने हसायचा प्रयत्न केला. चेहरा मध्येच फसला.

"परत आलो तर काठी कोरडी निघाली, मॅडम. तळाशी वीतभर होतं. वरच्या कुप्या हाताला गार सुद्धा लागेनात. बाकीच्यांना कोण विचारतं? पण चेपतुरू-सात सगळे मागतात. म्झे लुका गोठवताना मी अकरा वर्षं बघतोय, मला येतं ते. खणात लेबलं होती. झाकणावर चेपतुरू-सात लिहिलेली बाटली होती. मला वाटलं लाल ठिपका म्हणजे 'संपलं, टाकून द्या'. जीव तर तोच ना, मी म्हटलं. कुणाचं काय जाणार?"

"आणि म्झे लुकावर आळ आला तेव्हा?" मोरा ओरडली. "तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?"

बरासाने लुकाकडे पाहिलंच नाही. "मला चार पोरं आहेत."

मुसिमी उठून उभा राहिला. "ठीक. माणूस सापडला. मॅडम, अहवालात नाव बदलून टाकू. लुकाच्या जागी बरासा."

माझ्या सहनशक्तीचा धागा तुटला तो इथे.

"तू खाली बस! ईस्टरआधी नायट्रोजनची गाडी का आली नाही? मी कार्यालयात फाइल पाहिली. याने तीन वेळा मागणीपत्र पाठवलं होतं. तिन्ही तुझ्या टेबलावर होती, बिनसहीची. सही झाली ईस्टरनंतरच्या बुधवारी आणि तारीख टाकली आदल्या आठवड्याची. तुला ठाऊक होतं की टाकी कोरडी पडली असणार."

"मी विचारलं होतं याला, सगळं ठीक ना? हा म्हणाला ठीक."

"आणि तू टाकीत डोकावला नाहीस."

"याने ठीक म्हटल्यावर मी का डोकावू?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मी लुकाकडे वळले, आणि चार दिवस आधी विचारायचा प्रश्न तेव्हा विचारला.

"म्झे, सातवा रुग्ण कोण होता?"

"चेलिमो, दाक्तारी. नऊ वर्षांची होती. सुई मी स्वतः धरली होती. नमुना काढला आणि त्याच दिवशी तिला जुनं इंजेक्शन सुरू झालं. सतरा दिवस. चालत घरी गेली. आता पाचवीत आहे, कजाग आहे म्हणतात."

मूळ चेपतुरू-सात त्या औषधाला दाद देत नसता, तर ती पोर जगलीच नसती.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"डॉक्टरांना, ऑगस्टमध्ये. ते म्हणाले रुग्णाच्या गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे." मग अगदी हलक्या आवाजात, "सोमवारी तुम्हाला सांगत होतो."

मुसिमीने पत्र मागे घेतल्याचा कागद माझ्यासमोर टाइप केला. "मॅडम, तुम्ही मला संपवलंत," तो म्हणाला. मी कागद काढून घेतला.

७

सिस्टर तेक्लाला फोन मी केला. दोन दिवस तिचा लुकाला फोन आला नव्हता. आम्ही समजलो, खोऱ्यात नेटवर्क नसेल.

"आत्ता सुरू करा," मी म्हणाले. "जुनंच इंजेक्शन. कागद येतोय, थांबू नका."

"तिघांना करते," ती म्हणाली.

"चार होती ना?"

"लोमुके बुधवारी पहाटे गेला, मॅडम. सहा वर्षांचा होता."

बुधवारी मी मोराच्या वहीतली पानं मोजत होते. सोमवारी लुकाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर सोमवारी दुपारीच पत्र रद्द करून घेतलं असतं, मुसिमीला नैवाशाच्या मंचावरून ओढून आणावं लागलं असतं तरी. लोमुके त्यामुळे वाचला असता का, मला माहीत नाही. तेक्लालाही माहीत नव्हतं. तिने तसं म्हटलंही नाही, आणि मी विचारलं नाही.

अहवाल मी घरी बसून हाताने लिहिला. जबाबदार म्हणून तीन नावं घातली: बरासाचं, मुसिमीचं आणि माझं. लुकाने वाचून दाखवायला लावला, मग म्हणाला, "शेवटचं खोडा, दाक्तारी." मी खोडलं नाही. बरासाची बदली झाली, मुसिमीला रजेवर पाठवलं, माझं काय करायचं हे संचालकांना कळेना म्हणून त्यांनी आभाराचं पत्र धाडलं.

दोन आठवड्यांनी लुका आणि मी खोऱ्यात गेलो. चेपतुरूचा खरा जीव आता जगात कुठेच नव्हता; युरोपातही उरला होता तो नुसता तक्ता. नवा आणायचा तर उपचार सुरू होण्याआधीच्या रुग्णाचा नमुना हवा. लुकाच्या नोकरीचे शेवटचे दिवस होते आणि त्याला तो स्वतःच्या हाताने भरायचा होता. आदल्या संध्याकाळी तेक्लाने कळवलं होतं की नवा रुग्ण येतोय. आम्ही पहाटे निघालो, मारिगातच्या पुढे गाडीचं चाक चिखलात रुतलं, आणि तीन तास उशिरा पोहोचलो.

वॉर्डात ती तिघं पोरं एका खाटेवर बसून मक्याच्या उगालीवरून भांडत होती. पलीकडे एक तान्ही मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या मांडीला कापूस चिकटवलेला.

तेक्ला आमच्या पेटीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सकाळी आठलाच पहिलं इंजेक्शन दिलं मी. तुमच्यासाठी थांबले नाही. आता बोला काय बोलायचं ते."

एवढ्या वर्षांत नमुना असा हातचा गेला की मी आकाशपाताळ एक करायचे. लुकाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"उद्याचं किती वाजता आहे?" त्याने तेक्लाला विचारलं.

"आठला."

"मग मी तिचा पाय धरायला येईन," लुका म्हणाला, आणि रिकामी पेटी खाटेखाली सरकवून हात धुवायला गेला.